चढाओढीचे त्रैराशिक

कळव्याच्या सरकारी मराठी शाळेत पाच मुले होती, आणि पाचांनाही पहिले यायचे होते. वरवर पाहता यात काही बिघडत नाही. पण शाळेत पहिली जागा एकच होती, आणि ती वाढवून मिळावी म्हणून वरती अर्ज करण्याची सोय तेव्हा अजून निघाली नव्हती.

तेव्हा म्हणजे खाडीवरून आगगाडी धावू लागून पंचवीस-तीस वर्षे झाली होती त्या सुमारास. शाळेत बसण्याची रीत अशी, की जो हुशार तो मास्तरांच्या उजव्या हाताला पहिल्या बस्करावर, त्याच्या खाली दुसरा, आणि असे ओळीने ढ मुलापर्यंत. मास्तर वरून एकेकाला प्रश्न विचारीत खाली येत. वरच्याला उत्तर आले नाही आणि खालच्याला आले, की खालचा उठून वर जाई आणि चुकलेले सगळे एकेक जागा खाली सरकत. याला ‘वर चढणे’ म्हणत. इतर गावांत मुले सणासुदीला चढावे तशी क्वचित चढत. कळव्याची पाच मुले मात्र दिवसभर इतकी वरखाली करीत, की दर महिन्या-दोन महिन्यांनी शाळेला नवी बस्करे आणावी लागत.

या पाचांत खरी झुंज दोघांची होती. एक आवडाबाई कोळिणीचा नामा आणि दुसरा कुलकर्ण्यांचा गणू. बाकी तिघे, मिठागरावरचा पंढरी, वाण्याचा आनंदा आणि रेल्वेच्या मुकादमाचा तानाजी, हेही काही कमी नव्हते; या दोघांचा पाय कधी घसरतो याकडे ते डोळ्यांत तेल घालून बघत असत. नामाला मोडी वाचताना अडखळायला होई, हे गणूला ठाऊक होते. गणूची औटकी कच्ची, हे नामाला ठाऊक होते. म्हणून बापाची होडी कुलकर्ण्यांच्या परसासमोर आली की नामा साडेतीनाचा पाढा मोठमोठ्याने म्हणू लागे. गणू घरात कानांत बोटे घालून बसे आणि मग नाइलाजाने तोच पाढा पाठ करी.

घरोघरी या चढाओढीचा उपद्रव होऊ लागला होता. गणूने एकदा जेवताना आजोबांना गोदावरीचा उगम विचारला. आजोबा नुकतेच नाशिकची यात्रा करून आले होते, पण तोंडात घास असल्यामुळे त्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. गणूने आपला पाट उचलला, आजोबांच्या वरच्या बाजूला मांडला आणि पुढचा भात मागितला.

आवडाबाई तर टोपली डोक्यावर घेऊन थेट शाळेतच आली.

“मास्तर, तुमी माज्या पोराला काय केलाव?” तिने दारातूनच विचारले. “बोंबील वालत घालताना हिसाब इचारतंय. माना नाय आला तं बोलतंय, आये, तू खाली सरक. आता मी अजून किती खाली सरकू? खाली खाडीच हाय!”

“मी समज देतो त्याला, आवडाबाई,” मास्तर म्हणाले.

“समज नको देव. फक्त माना पन दोन-चार उत्तरा सांगून ठेवा,” असे म्हणून ती निघून गेली.

मास्तरांचे नाव त्र्यंबक. माणूस मोठा विद्वान नव्हता आणि तसा त्याचा दावाही नव्हता. पाच मुलांना काहीतरी शिकायचे आहे, इतकेच नव्हे तर ते शेजारच्याच्या आधी शिकायचे आहे, हे पाहून त्यांना रोज सकाळी उठावेसे वाटे. आपण या पोरांना शिकवतो की नुसती त्यांची भांडणे सोडवतो, अशी शंका त्यांना कधी कधी येई; पण भांडणे भागाकारावरून असत, म्हणून ते समाधान मानीत. त्यांचा जीव त्या शाळेत होता, हे उघड सांगायला हरकत नाही.

आणि नेमकी तीच शाळा जाण्याच्या बेतात होती. वरून ठराव आला होता, की ज्या शाळेत मुले थोडी, ती शाळा उठवावी. कारण थोड्या मुलांवर मास्तर खर्ची घालणे म्हणजे मास्तर वाया घालवणे होय. त्र्यंबक मास्तर मुले गोळा करायला गावभर फिरले. मिठागरवाले म्हणाले, हंगाम झाल्यावर बघू. कोळी म्हणाले, भरती झाल्यावर बघू. कुलकर्णी म्हणाले, एक दिला आहे तो पुरे. तेव्हा मास्तरांच्या मनाने घेतले, की परीक्षेला शाळा तपासणारे डेपोटीसाहेब येतील त्या दिवशी या पाचांची ईर्षाच त्यांना दाखवायची. एवढा पेटलेला वर्ग पाहिल्यावर कोण माणूस त्याच्यावर पाणी ओतील?

डेपोटीसाहेब विश्रामराव हे नेमके कोणत्या प्रकारचे गृहस्थ आहेत, हे मास्तरांना ठाऊक नव्हते. विश्रामरावांची जगात एकाच गोष्टीवर श्रद्धा होती, ती त्रैराशिकावर. इतक्याला इतके, तर तितक्याला किती, या एका प्रश्नात सगळे राज्यशास्त्र आले, असे ते म्हणत. मुलीच्या लग्नात त्यांनी हिशेब मांडला होता, की दोन आचाऱ्यांना स्वयंपाकाला चार घटका लागतात, तर वीस आचाऱ्यांना किती? उत्तर आले त्याप्रमाणे त्यांनी वीस आचारी बोलावले. वीसजण एका चुलीपाशी जमले आणि मीठ कोणी घालायचे यावरून संध्याकाळ झाली. वऱ्हाड उपाशी उठले, पण उत्तर बरोबर होते, असे विश्रामराव अजूनही सांगत.

परीक्षेच्या दिवशी कळव्याच्या मुलांनी कमाल केली. विश्रामरावांनी प्रश्नाचा पहिला शब्द उच्चारावा आणि चार हात वर व्हावेत. पाचवा मुलगा तोवर उत्तर देऊन मोकळा. “सात औटे?” असे साहेबांनी विचारताच “साडेचोवीस!” म्हणत नामा तिघांना ओलांडून असा झेपावला, की त्याच्या कोपराने साहेबांचे पागोटे खाली आले. मास्तर माफी मागायला पुढे झाले. पण विश्रामरावांनी पागोटे उचललेसुद्धा नाही.

“वा! मास्तर, वा! केवढी ही चढाओढ!” ते उठून उभे राहिले. “मी अवघा जिल्हा हिंडलो, पण असं पाहिलं नाही.”

“आपल्या कृपेने,” मास्तर म्हणाले. आता शाळा वाचली, असे त्यांना वाटले, आणि डोळ्यांत पाणी आले ते त्यांनी उपरण्याने टिपले.

विश्रामराव फळ्याकडे गेले. त्यांनी खडू घेतला. “आता पाहा. पाच मुलांत ही एवढी चढाओढ. बरोबर?”

“बरोबर, साहेब.”

“मग तीनशे मुलांत किती?”

मास्तर दचकले. त्यांना काहीतरी बोलायचे होते, पण प्रश्न वर्गात विचारला गेला होता, आणि त्या वर्गात विचारलेला प्रश्न जमिनीवर पडत नसे.

“साठपट!” गणू ओरडला, आणि नामाच्या वर जाऊन बसला.

“शाबास!” विश्रामराव म्हणाले. “तीनशे मुलं एका ओळीत बसवली, तर साठपट चढाओढ. ही शाळा लहान ठेवून आपण सरकारचं केवढं नुकसान करत होतो, बघा.”

“साहेब, गणित बरोबर आहे,” मास्तर चाचरत म्हणाले, “पण...”

“गणित बरोबर असल्यावर पण कशाला?” विश्रामरावांनी विचारले. आयुष्यभर मास्तरांनी मुलांना तेच शिकवले होते.

महिन्याभरात हुकूम आला. कळव्याची शाळा उठवण्यात येत नसून ती ठाण्यास नेऊन वाढवण्यात येत आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ठाणे, कळवा, कोपरी येथल्या शाळा एक करून चेंदणीच्या बंदरापाशी मिठाच्या जुन्या कोठारात ‘एकत्र चढाओढ शाळा’ स्थापन व्हायची होती, आणि तिचे हेडमास्तर म्हणून त्र्यंबक मास्तरांची नेमणूक झाली होती. मास्तरांनी नवे पागोटे बांधून पाहिले. ते त्यांना शोभले, हे त्यांनाही नाकारता येईना.

“म्हणजे कळव्यात शाळा राहणार ना?” त्यांच्या पत्नीने, जानकीबाईंनी, ताट वाढताना विचारले.

“राहणार तर. कळव्याची शाळा ठाण्यात राहील.”

“आणि कळव्यात काय राहील?”

“कळव्यात कळवा राहील,” मास्तर म्हणाले, आणि आपण नक्की काय बोललो याचा विचार करीत जेवले.

नव्या शाळेचा पहिला दिवस थाटाचा झाला. ओळ पाहण्यासारखी होती. पहिला मुलगा हेडमास्तरांच्या मेजापाशी होता. तिथून ओळ कोठाराच्या भिंतीला लागून दारापर्यंत आली, दारातून ओटीवर गेली, ओटी उतरून अंगणात शिरली, चिंचेला वळसा घालून कुंपणाच्या बाहेर पडली आणि खाडीच्या बांधाशी थांबली. शेवटच्या मुलाचा एक पाय शाळेत आणि दुसरा बांधावर होता. मेजापाशी बसलेल्या हेडमास्तरांना ओळीतली पहिली दहा-बारा मुले दिसत. पुढची ऐकू येत. बाकीची असावीत असे समजायचे.

मास्तरांनी पहिला प्रश्न विचारला, “सात औटे?” पहिल्याला येईना. दुसऱ्याला येईना. तिसरा विचार करू लागला. विचार करू देण्याचा नियम असल्यामुळे प्रश्न ओटीवर पोचायला सकाळ सरली. अंगणात तो गेला तेव्हा मुले भाकऱ्या सोडून बसली होती. चिंचेखाली एका कोपरीच्या मुलाने घास गिळत “साडेचोवीस” म्हटले. केवढा आनंद झाला! निरोप्या धावत आत आला, हेडमास्तर धावत बाहेर गेले.

“चल बाळ, ऊठ. तू सगळ्यांच्या वर! पहिल्या जागेवर चल.”

मुलाने आतल्या काळोखाकडे पाहिले, वर चिंचेकडे पाहिले. “राहू द्या ना मास्तर,” तो म्हणाला. “हितं सावली हाय.”

पहिल्या दिवशी असे व्हायचेच, अशी मास्तरांनी मनाची समजूत घातली. पण दुसऱ्या आठवड्यात तेच, आणि दुसऱ्या महिन्यातही तेच. पहिला येणारा तीनशेंत एक. तो आपण असण्याचा संभव काय, हे प्रत्येक मुलाने मनाशी ताडले होते. या हिशेबाला कोणाला पाटी लागली नाही. मुले वाईट नव्हती. ती वेळेवर येत, आपल्या बस्करावर बसत, प्रश्न आला तर पुढे ढकलत आणि घरी जात. शेजाऱ्याला हरवावे असे कोणाला वाटेना, कारण शेजारी हरून जागा एकच बदलणार, आणि पुढे अजून दोनशे जण बसलेले असणार.

मास्तरांना आपल्या पाचांचा भरवसा होता. ती कुठेही ठेवली तरी पेटतील, असे त्यांना वाटे. एके दिवशी प्रश्न दुसऱ्या मास्तरांवर सोपवून ते ओळीच्या कडेने चालत निघाले. नामा त्यांना अंगणाच्या मध्यावर सापडला. तो गवताच्या काडीने मुंगळा अडवत बसला होता.

“अरे नामा, तेरा औटे किती?”

“साडेपंचेचालीस.”

“येतं ना तुला? मग तू इथे काय करतोस?”

नामा पहिल्या आठवड्यात वीस-पंचवीस मुलांच्या वर चढला होता. मग त्याने मान उंच करून पुढे पाहिले होते, आणि खाली बसला होता.

“मास्तर, वर कोन बसलाय तोच दिसत नाय,” तो म्हणाला. “कलव्यात गणू दिसायचा. आता हरवू कोनाला?”

“सगळ्यांना हरव!”

“सगळे म्हंजे कोन?” नामाने विचारले. त्याला खरेच ठाऊक नव्हते. मास्तर मागे वळले. ते परत मेजापाशी येऊन बसले, आणि त्या दिवशी त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. कोणाच्या लक्षातही आले नाही.

विश्रामराव पाहणीला आले तेव्हा शाळेत सुरेख शांतता होती. त्यांना ती आवडली नाही. त्यांनी साठपट चढाओढीची अपेक्षा ठेवली होती, आणि इथे कळव्याच्या पाचांइतकीही नव्हती. त्रैराशिक चुकणे शक्य नव्हते. तेव्हा चूक मुलांची होती.

“चढाओढ आहे,” ते बराच विचार करून म्हणाले. “पण ओळ लांब असल्यामुळे ती पातळ झाली आहे. ती घट्ट करायला हवी.”

त्यासाठी नियम निघाले. रोज अकरा ते साडेअकरा सर्व मुलांनी एकमेकांचा हेवा करावा. हेवा करताना बोलू नये. वरच्याने खालच्याकडे तुच्छतेने आणि खालच्याने वरच्याकडे आशेने पाहावे; पहिल्याने व शेवटच्याने सोयीस्कर दिशेला पाहावे. यावर देखरेख करायला एक स्वतंत्र हेवा-कारकून नेमण्यात आला. तो रोज बाराला येऊन “आजचा हेवा शांततेत पार पडला” असे सांगून जाई. प्रश्न वेळेत खालपर्यंत पोचावा म्हणून चार प्रश्नवाहक नेमले गेले. ते वाटेत बसून विडी ओढत, आणि औट्यांचा निघालेला प्रश्न पुष्कळदा पावक्यांचा होऊन बांधावर पोचे.

एवढे करूनही चढाओढ वाढेना, तेव्हा विश्रामरावांनी अखेरचा उपाय केला. मुले कमी पडत होती, हे उघड होते. त्यांनी दिवा, शीळ, डोंबिवली आणि कल्याण इथल्या शाळाही आणून जोडल्या. कल्याणची मुले आगगाडीने येत आणि परतीच्या गाडीच्या वेळेला निघून जात. मधल्या काळात ती ओळीत आपली जागा शोधत असत. ओळ आता बांधावरून वळून कोळ्यांच्या जाळी वाळवायच्या जागेपर्यंत गेली होती. एकदा प्रश्न विचारून मास्तर आजारी पडले, चार दिवसांनी बरे होऊन आले, तेव्हा उत्तर यायचेच होते.

आणि एका सकाळी चमत्कार झाला. विश्रामराव मेजापाशी बसून मुलांच्या संख्येवर नजर टाकत होते, तोच लांबून आरडाओरडा ऐकू आला. कोणी कोणाला ढकलत होते, कोणी उत्तरे ओरडत होते.

“चढाओढ!” साहेब उभे राहिले. “मास्तर, ऐका! शेवटी आली!”

दोघे ओळीच्या कडेने धावत सुटले. ओटी, अंगण, चिंच, कुंपण मागे पडले, आणि ते धापा टाकत ओळीच्या शेपटाशी पोचले. तिथे नामा, गणू, पंढरी, आनंदा आणि तानाजी ही पाच मुले एकमेकांच्या उरावर बसली होती.

“सात औटे?” तिथला प्रश्नवाहक विचारत होता.

“बावीस!” पंढरी ओरडला.

“बावीस फार जवल आला! एकोनीस!” नामा ओरडला.

“मुंबई!” गणू ओरडला, आणि सगळ्यांना मागे टाकून सर्वांत खाली जाऊन बसला.

झाले होते ते असे. ओळीच्या अगदी शेवटी, जाळ्यांजवळच्या बांधावर एक सपाट दगड होता. त्यावर खाडीचा वारा लागे, पाण्यातले मासे दिसत, आणि शाळा सुटताना ओळ त्या टोकाकडून सुटत असल्यामुळे दगडावरचा मुलगा कळव्याच्या होडीत सर्वांच्या आधी चढे. नामा काही न करता घसरत घसरत तिथे पोचला होता. नामाला दगड मिळाला हे गणूने ओटीवरून पाहिले, आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन दिवसांत तो सरळ दीडशे जागा खाली आला. मग बाकीचे तिघे आले. दगड एकच होता आणि मुले पाच होती.

शेवटची जागा राखणे सोपे नव्हते. एखादे उत्तर चुकून बरोबर आले, तर नियमाप्रमाणे वर चढावे लागे. म्हणून पाचही मुले घरून अभ्यास करून येत. औटकी, पावकी, नद्यांचे उगम, सगळे त्यांनी घोटून पाठ केले होते, म्हणजे नेमके काय बोलायचे नाही ते कळे. त्र्यंबक मास्तरांनी हे ऐकले आणि त्यांना भर उन्हात, साहेबांसमोर, हसू आवरेना. त्यांची मुले पुन्हा पेटली होती. चुकीच्या दिशेने का होईना, पण पेटली होती.

“साहेब,” ते म्हणाले, आणि या वेळी चाचरले नाहीत, “ही पाचच आहेत, म्हणून भांडताहेत. यांना एकमेकांची तोंडं दिसतात. एवढंच आहे ते. माझी कळव्याची शाळा मला परत द्या.”

विश्रामराव हरखून मुलांकडे पाहत होते. “पाचच म्हणता?” ते हळूच म्हणाले. “मास्तर, पाचांत जर ही एवढी, तर...”

त्यांनी खिशातून खडू काढला.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचे मेज उचलून बांधावर आणले गेले. शेवटची जागा यापुढे पहिली समजावी, आणि दगडावर बसण्याचा हक्क सर्व मुलांना समान असावा, असे जाहीर झाले. पाच मुलांनी मागे वळून पाहिले. आता दगडासाठी उमेदवार म्हणून सगळी ओळ त्यांच्याकडे पाहत होती, जाळ्यांपासून मिठाच्या कोठारापर्यंत. नामा दगडावरून उठला आणि जागा मिळाली तिथे बसला. गणूने त्याच्या वर बसण्याचाही प्रयत्न केला नाही. त्या दिवशी दगडावर दुपारपर्यंत एक कुत्रे झोपले होते.

तरी विश्रामराव मनाने दुष्ट नव्हते. मास्तरांनी फारच पाठपुरावा केला, तेव्हा त्यांनी वरती विचारणा केली, आणि उत्तर अनपेक्षितपणे बरे आले. मुलांच्या पालकांची तशी इच्छा असेल, तर जुन्या शाळा जिथल्या तिथे परत द्यायला वरून हरकत नव्हती. मोठे साहेब जातीने येऊन पालकांना विचारणार होते. एकाने जरी उभे राहून मागणी केली, तरी ती सर्वांची समजली जाणार होती. मास्तर कळव्यात घरोघर गेले, दिव्याला गेले, डोंबिवलीला गेले. सगळे पालक या एकत्र शाळेला कंटाळले होते. सगळ्यांनी येण्याचे कबूल केले, आणि नवल म्हणजे सगळे आले.

बांधावर एवढी माणसे कधी जमली नव्हती. मोठ्या साहेबांनी दुभाष्याकरवी विचारले, “आपापल्या गावची शाळा परत कोणाला हवी आहे? त्याने उभे राहावे.”

ज्याला गावची शाळा नको होती असा त्या सभेत एकही माणूस नव्हता. म्हणूनच प्रत्येकाने शेजारी पाहिले. कल्याणचे एक वकील बसल्या जागेवरून म्हणाले, “हा प्रश्न सर्वांचा आहे, तेव्हा तो सर्वांनी मांडावा,” आणि लोकांनी माना डोलावल्या. डोंबिवलीकर कुजबुजले, की कळव्याचे लोक पुढे झाले तर आपण मागे आहोतच. कळव्याचे कुलकर्णी म्हणाले, “कल्याण मोठं गाव. मान त्यांचा.” आवडाबाई एकदा अर्धी उठली होती, पण तिने सभोवार पाहिले आणि पुन्हा टेकली. “येवडे पागोटेवाले हायत,” ती शेजारणीला म्हणाली, “कोनतरी उठंल की. मी उठून काय जादा व्हनार?”

दुभाष्याने पुन्हा विचारले.

त्र्यंबक मास्तर मागच्या बाजूला उभे... नव्हे, बसले होते. कोण उठतो ते पाहायला त्यांनी मान उंच केली होती. हा उठेल, तो उठेल, असे करत त्यांची नजर सगळ्या सभेवरून फिरून आली. आपण सरकारी नोकर, शिवाय एवढ्या पालकांच्या गर्दीत एका मास्तराच्या बोलण्याला किंमत ती काय, असे त्यांच्या मनात चालले होते.

नामाने त्यांचे उपरणे ओढले. “मास्तर, साहेब इचारतात ते तुमाला ऐकू नाय आला का?”

“आलं रे,” मास्तर हलक्या आवाजात म्हणाले. “पण इतकी माणसं आहेत.”

मग मोठ्या साहेबांनी टोपी घातली, आणि पालकांची तशी इच्छा दिसत नाही, असे म्हणून ते गाडीकडे निघाले. सभा पांगली. वाटेने सगळे एकच म्हणत होते, की एवढी माणसे जमली आणि एकालाही तोंड उघडवले नाही, काय हे लोक! कळव्याला शाळा त्यानंतर पुष्कळ वर्षे नव्हती, आणि नामा त्याच वर्षी पावसाळ्याआधी बापाच्या होडीवर गेला.

वाचकहो, इथवर येताना आपल्याला त्या सभेचा राग आला असेल. आपण तिथे असतो तर पहिल्या हाकेला उठलो असतो, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आपल्या आळीतल्या शाळेचे छप्पर गळते आहे, हेही आपण रोज येता-जाता पाहता, आणि त्याबद्दल कोणीतरी जाऊन सांगायला हवे, असे आपल्याला मनापासून वाटते. पण ते छप्पर आपल्याबरोबर आणखी पुष्कळांनी पाहिले आहे. तेव्हा आपण निर्धास्तपणे पान उलटावे.